अक्काताईंचं ‘आपण’

बोलायला सुरुवात करण्याआधी अक्काताई तोंडावर उजेड घ्यायच्या.

सांगलीत आमचं कानाच्या यंत्रांचं दुकान होतं. दुकान म्हणायचं की दवाखाना, हे आमचं आम्हालाही कधी नीट ठरवता आलं नाही. कानाचे डॉक्टर असलेले सर मालक होते, मी कान तपासायचे आणि दारातून आत आल्याबरोबर डाव्या हाताला जे टेबल होतं तिथं अक्काताई बसायच्या. मी साताऱ्याची. शिक्षण संपवून पहिल्याच नोकरीला तिथं आले होते. दुकानाच्या पश्चिमेला मोठी काच होती. दुपार कलली की ऊन त्या काचेतून आत यायचं आणि हळदीच्या रंगाचं होऊन टेबलावर पसरायचं. गिऱ्हाईक समोर बसलं की अक्काताई आपली खुर्ची जराशी सरकवायच्या, मान थोडी वळवायच्या, आणि तो उजेड बरोबर त्यांच्या चेहऱ्यावर पडायचा. मग त्या म्हणायच्या, “नमस्कार. आपण आलात, बरं वाटलं. माझा आवाज आपल्यापर्यंत पोचतोय का?”

पहिले काही दिवस मला वाटायचं, बाईंना चेहरा उजेडात दाखवायची हौस आहे. पुढं कळलं की कमी ऐकू येणारा माणूस ओठ बघत असतो. आपलं तोंड सावलीत ठेवून त्याच्याशी बोलणं म्हणजे त्याला दाराबाहेर उभं करून घरातल्या घरात बोलण्यासारखं आहे, असं अक्काताईंचं म्हणणं होतं.

त्या मोठ्यानं बोलत नसत. ज्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाईक ऐकू येत नाही म्हणून आलेलं, तिथं सगळ्यांत हळू आवाज त्यांचा. “वरडून बोललं की त्यांना राग ऐकू येतो, शब्द न्हाई,” असं त्या मला एकदा आतल्या खोलीत चहा गाळताना म्हणाल्या.

आतली खोली आणि बाहेरचं टेबल अशा त्यांच्या दोन भाषा होत्या. मध्ये एक हिरवा पडदा. पडद्याच्या आत त्या “आगं, लय दमले बघ आज, पाय नुसते भरून आल्यात” असं म्हणायच्या, आणि पडदा बाजूला सारून बाहेर पाऊल टाकलं की “आपल्याला थांबावं लागलं, माफ करा” असं. पडद्याच्या कापडातून जाताना भाषा बदलते कशी, हे मी बघत राहायचे. त्यात सोंग नव्हतं. घरात चप्पल काढून वावरणारा माणूस बाहेर पडताना ती पायात सरकवतो, तितकं ते सहज होतं.

मूळच्या त्या जत तालुक्यातल्या. मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. लहानपण मेंढरांच्या मागं चालण्यात गेलं, लग्न होऊन सांगलीला आल्या, नवरा हळदीच्या गोदामात कामाला. नाव मालन, पण सगळे त्यांना अक्का नाहीतर अक्काताई म्हणायचे. सरसुद्धा. जतकडून, सीमेपलीकडून कानडी बोलणारी म्हातारी माणसं यायची, तेव्हा त्यांचं “बर्री, कुंदर्री” सुरू व्हायचं. या बसा, इतकाच त्याचा अर्थ. पण त्या शेवटच्या ‘री’मध्ये मान आहे, असं त्या सांगायच्या. “बघ, कानडीत मान शेवटाला बांधलेला असतो, शेळीच्या गळ्यात घंटी असल्यागत. मराठीत तो आधी द्यावा लागतो.”

आधी द्यायचा मान म्हणजे ‘आपण’. तो शब्द त्यांना कुठं मिळाला, तेही त्यांनी मला सांगितलं होतं. नवी नवरी होऊन सांगलीला आल्यावर सासूबरोबर कापडाच्या दुकानात गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा एवढं मोठं दुकान. गादीवरचा माणूस त्यांच्याकडं बघून म्हणाला, “आपण बसा ना.” अक्काताईंनी मागं वळून बघितलं, कुणाला म्हणतोय. मागं कुणीच नव्हतं.

“त्या दिवशी काय कापड घेतलं ते काय ध्यानात न्हाई बघ,” त्या म्हणाल्या. “पण त्यो ‘आपण’ अजून अंगावर हाय.”

त्यांचे काही नियम होते. लिहून ठेवलेले नव्हते, पण मोडलेले त्यांना चालत नसत. बहिरा हा शब्द दुकानात उच्चारायचा नाही. गिऱ्हाइकानं “काय?” म्हणून विचारलं तर “जाऊ द्या, काही नाही” असं म्हणायचं नाही. आणि ज्याच्या कानाबद्दल बोलायचं, त्याच्याशीच बोलायचं, त्याला घेऊन आलेल्याशी नाही.

या शेवटच्या नियमापायी एकदा गंमत झाली. फलटणकडचे एक निवृत्त गृहस्थ आले होते. साखर कारखान्यात गिरणीच्या धडधडाटात त्यांचं आयुष्य गेलेलं. बरोबर मुलगा. अक्काताईंनी विचारलं, “आपल्याला कधीपासून त्रास होतोय?” मुलानं उत्तर दिलं. “घरात टीव्हीचा आवाज मोठा लागतो का?” मुलानं उत्तर दिलं. म्हातारबुवा दोघांकडं आळीपाळीनं बघत होते. मग अक्काताई उठल्या, मुलाला म्हणाल्या, “साहेब, आपण आत बसून चहा घेता का? आमच्या मॅडम आपल्याला काही माहिती देतील.” मुलगा आत आला. मला द्यायला कसलीच माहिती नव्हती. मी त्याला कानाचं चित्र दाखवत बसले. बाहेरून बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. नंतर म्हातारबुवांचा हसण्याचा आवाज आला, मोठा, खडखडीत. मुलगा चहाचा कप हातात धरून तसाच थांबला. “बाबा हसतायत?” त्यानं मला विचारलं. जणू शेजारच्या घरात कुणी अनोळखी हसत होतं.

ते कशावरून हसले, हे अक्काताईंनी कधी सांगितलं नाही. “त्यांचं त्यांच्यापाशी,” म्हणाल्या.

दुसरे एक सुभेदार होते. साताऱ्याकडचे, माझ्याच भागातले. फौजेतून निवृत्त, मिशा पांढऱ्या, पाठ ताठ. यंत्र घेऊन गेले आणि आठवड्यातच परत आले ते ओरडतच. “ये क्या बकवास दिया है तुमने! नुसती शिट्टी वाजती कानात. मेसमधला कुकर घातलाया का आत?” दुकानात बसलेली माणसं, ज्यांना एरवी काही ऐकू येत नसे, तीही दचकली. अक्काताई उभ्या राहिल्या. त्यांनी त्यांना पूर्ण बोलू दिलं. मध्ये एक शब्द टाकला नाही, मान हलवली नाही, हसल्या नाहीत. सुभेदारांचा दम संपल्यावर म्हणाल्या, “साहेब, आपण सांगितलेलं सगळं मी ऐकलं. आता मी दोन वाक्यं बोलू का?”

सुभेदारांनी मिशीला पीळ दिला. परवानगी मागितल्यावर ती द्यायची की नाही, यावर विचार करायची फौजी सवय असावी. “बोला,” म्हणाले.

लाल खुणेचं यंत्र उजव्या कानाचं आणि निळ्या खुणेचं डाव्या कानाचं. सुभेदारांनी उलटं घातलं होतं. अक्काताईंनी ती काढून, पुसून, बदलून दिली. शिट्टी थांबली. “हे आमच्याकडून आपल्याला नीट सांगायचं राहिलं,” त्या म्हणाल्या. “चूक आमची. आपल्याला साताऱ्याहून फेरी पडली.”

सुभेदार गेल्यावर मी आतल्या खोलीत त्यांच्यावर चिडलेच. “अक्काताई, माझ्यासमोर तुम्ही त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. लाल उजवा, निळा डावा. चूक आपली कशी?”

त्या पेल्यातला चहा हलवत राहिल्या. “सांगितलं व्हय. पण पोचलं न्हाई. न पोचलेल्याला सांगितलं कसं म्हणायचं, तूच सांग.”

पुढं मी पाहिलं की ते त्यांचं गिऱ्हाइकापुरतं गोड बोलणं नव्हतं. त्यांना खरंच तसं वाटायचं. आवाज म्हणजे आपण पाठवलेलं काहीतरी. वाटेत हरवलं तर ज्याला पाठवलं त्याला जाब विचारायचा नाही, पाठवणाऱ्यानं परत पाठवायचं.

मधल्या काळात यंत्रं बनवणाऱ्या कंपनीनं पुण्याहून एक मुलगी पाठवली, गिऱ्हाइकांशी कसं बोलावं ते शिकवायला. चुणचुणीत होती. छापील वाक्यं घेऊन आली होती. ‘आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे, कृपया लाइनवर राहा’, असं एक त्यात होतं. अक्काताईंनी ते दोनदा वाचलं आणि अगदी अदबीनं विचारलं, “ताई, आपल्याकडं फोन करणाऱ्याला फोनवर ऐकू येत नाही. त्याला लाइनवर ठेवून मी काय करू?” ती मुलगी आधी गोंधळली, मग इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तिच्याकडचं एक वाक्य अक्काताईंना फार आवडलं: ‘आपण थांबलात, त्याबद्दल धन्यवाद.’ थांबल्याबद्दल कुणी कुणाचे आभार मानतं, हे त्यांना नवीन होतं. दिवसभर त्या ते वाक्य मनातल्या मनात घोळवत होत्या. संध्याकाळी रस्ता ओलांडताना एक रिक्षावाला त्यांच्यासाठी थांबला, तर त्यालाही म्हणाल्या. तो बिचारा मागं वळून बघत गेला.

ते दिवस आठवले की मला सगळं जरा संथ झालेलं दिसतं. तपासणीची आमची बंद खोली होती, तिच्या भिंतींना जाड मऊ अस्तर. आत गेलं की जग पुसल्यासारखं व्हायचं. दुपारी कुणी नसलं की अक्काताई त्या खोलीत जाऊन दार ओढून घ्यायच्या आणि डोळे मिटून बसायच्या. “आत काय करता?” मी एकदा विचारलं. “काय न्हाई. माळावर दुपारचं मेंढरं बसली की असंच व्हायचं,” त्या म्हणाल्या. बाहेर आल्या की त्यांचा चेहरा कुठून तरी लांबून आल्यासारखा दिसायचा.

अशाच एका दुपारी बिराप्पा आला.

पांढरं मुंडासं, रापलेला चेहरा, पायात जाड वहाणा. बरोबर त्याची मुलगी, रेणुका. ती आत येऊन अक्काताईंना बघताच दारात थबकली. तो मात्र सरळ येऊन समोरच्या खुर्चीत बसला, आणि मग त्यानं वर बघितलं. दोघांच्याही चेहऱ्यावर काही हललं नाही. अक्काताईंनी खुर्ची सरकवली. मान वळवली. तोंडावर उजेड घेतला.

“नमस्कार,” त्या म्हणाल्या. “आपण आलात, बरं वाटलं. आपलं पूर्ण नाव सांगता का?”

त्यानं नाव सांगितलं. त्यांनी कार्डावर लिहिलं. पुढचा प्रश्न वयाचा असायचा. तो त्यांनी विचारलाच नाही, आपणच आकडा लिहिला. मी ते बघितलं, पण मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

तपासणी झाली. दोन्ही कान बरेच गेलेले होते, आणि ते काही आजकालचं नव्हतं. सरांनी यंत्र सुचवलं. रेणुका जाताना दारात घुटमळली, अक्काताईंना हळूच “आत्या, येते” म्हणाली आणि बापाच्या मागं गेली. तेव्हा मला कळलं.

“तुमचा भाऊ?” मी आतल्या खोलीत विचारलं.

“धाकटा.”

“मग असं परक्यासारखं?”

त्या गॅसजवळ उभ्या होत्या. पाठमोऱ्याच बोलल्या. माहेरचे सगळे कोरेगावच्या बाजूला मेंढरं घेऊन गेले होते, तेव्हा तिकडंच आई गेली. भावानं फोन करून सांगितलं. ह्या मिळेल त्या गाडीनं निघाल्या. पोचल्या तेव्हा सगळं उरकलं होतं. तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. चार माणसांत त्या त्याला एवढंच म्हणाल्या, “माझी आई नव्हती का ती?” त्यानंतर त्याच्याशी बोलणं बंद. कितीतरी वर्षं झाली होती.

“आज तर बोललात,” मी म्हटलं.

“गिऱ्हाईक म्हणून आलाय. गिऱ्हाइकाशी बोलायला लागतंय.”

आणि मग ते सुरूच झालं. यंत्र बसल्यावर बिराप्पा अधूनमधून येऊ लागला. कधी बॅटरीचं झाकण घट्ट झालंय म्हणून, कधी नळीत मळ बसलाय म्हणून. गावातल्या पोराकडूनही होईल अशा कामासाठी तो जतवरून एसटीनं यायचा. अक्काताई त्याला ‘आपण’ म्हणायच्या, तो त्यांना काहीच म्हणायचा नाही. त्यानं ‘बाई’ म्हटलं असतं तर ते वेडं दिसलं असतं, आणि ज्या नावानं सगळी सांगली त्यांना हाक मारायची, ते खरं तर त्याचं होतं. म्हणून तो नुसता समोर बसायचा आणि त्यांनी विचारलेल्याची उत्तरं द्यायचा.

“आता पाखरांचा आवाज येतो का आपल्याला?”

“येतो.”

“वाऱ्यात त्रास होतो?”

“होतो थोडा.”

“वाऱ्यात काढून ठेवलंत तरी चालेल. डबीत ठेवावं, खिशात नको.”

एकदा त्यानं फडक्यात बांधून हुरडा आणला आणि टेबलावर ठेवला. अक्काताई म्हणाल्या, “माफ करा, आम्हाला गिऱ्हाइकाकडून काही घेता येत नाही.” सरांनीच ते गाठोडं उचललं आणि आत पाठवलं. अक्काताई आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून हुरडा खात होत्या. मी आत गेले तशी परत बाहेर आले.

गावच्या जत्रेत मात्र दोघं समोरासमोर आली आणि एकमेकांना ओलांडून गेली, असं रेणुकानं मला फोनवर सांगितलं. “आत्या दुकानात बोलतात, जत्रंत न्हाई,” ती म्हणाली. “बाबा म्हणत्यात, सोमवारी जातो सांगलीला, यंत्र दाखवायचंय.” सोमवारी तो आला. “आपलं यंत्र व्यवस्थित चालतंय ना?” अक्काताईंनी विचारलं. जत्रेचा विषय दोघांनीही काढला नाही.

मला वाटायला लागलं होतं की हे असंच चालणार. टेबल मध्ये असेपर्यंत ती बोलत राहतील. मला ते वाईटही वाटत नव्हतं.

थंडी सरत आलेली असताना एक दिवस बिराप्पा आला, यंत्राचा कानात बसणारा साचा सैल झाला म्हणून. नवीन साचा घ्यायचा तर कानात मऊ लगदा भरतात, तो घट्ट होईपर्यंत माणसाला हलू द्यायचं नसतं. तपासणीच्या खोलीत मी त्याची यंत्रं काढून ठेवली, उजव्या कानात लगदा भरला आणि त्याच्या मागं उभं राहून डाव्याची तयारी करायला लागले. अक्काताई कापूस घेऊन दारात उभ्या होत्या. तेवढ्यात तो हालचाल करायला लागला, म्हणून मी मागूनच म्हटलं, “थांबा, उठू नका.”

तो उठून उभाच राहिला. लगदा कानातून निसटून त्याच्या खांद्यावर पडला.

“अहो, उठू नका म्हटलं ना मी!” मी पुढं येऊन म्हटलं.

त्यानं माझ्या ओठांकडं बघितलं आणि ओशाळला. “आवं मॅडम, तुमीच म्हणला की, थांबू नका.”

मी हसणार होते. पण दाराकडं लक्ष गेलं. अक्काताईंच्या हातातला कापूस खाली पडला होता आणि त्यांना ते कळलं नव्हतं.

त्या आत आल्या. त्याचा खांदा पुसला. त्याची दोन्ही यंत्रं उचलून त्याच्या हातात दिली आणि ती तो घालेपर्यंत थांबल्या. मग समोर स्टूल ओढून बसल्या. त्या खोलीला खिडकी नव्हती. त्यांनी दिव्याची मान आपल्या चेहऱ्याकडं वळवली.

“आपल्याला एक विचारू का?”

त्यानं मान हलवली.

“आई गेली तेव्हा आपण मला कोरेगावहून फोन केला होता. मी फोनवर काय म्हणाले?”

त्यानं मुंडासं सारखं केलं. “आता कशाला ते.”

“मला ऐकायचं आहे.”

“थांबू नका म्हणालीस.” त्यानं डोळे खाली घातले. “रानात वारं हुतं. फोन दाबून धरला कानाला. बाकीचं काय आलं न्हाई, थांबू नका एवढं आलं. मला वाटलं, हिची काय अडचण असंल. मग आमी उरकलं. आणि तू येऊन चार माणसात मलाच बोललीस. मला बी राग आला. सोताच सांगायचं आणि सोताच...” तो थांबला.

अक्काताईंचा आवाज नेहमीपेक्षाही खाली गेला होता, पण प्रत्येक शब्द सुटा होता. “मी म्हणाले होते, थांबा. नेऊ नका.”

त्या अस्तर लावलेल्या खोलीत शब्द बोलले की तिथंच विरतात, त्यांचा पडसाद येत नाही. तरी ते तीन शब्द कितीतरी वेळ तिथंच उभे आहेत असं मला वाटलं. मी भिंतीला टेकले होते. मला बाहेर जायचं होतं आणि दार त्या दोघांच्या पलीकडं होतं.

बिराप्पाचा हात कानाकडं गेला. “तवा बी येत नव्हतं मला ऐकू,” तो म्हणाला. “त्याच्या आधीपास्नं. कुणाला सांगितलं न्हाई. मेंढराच्या मागं हिंडणाऱ्यानं कान गेला म्हणून कुणाला सांगायचं? लोक कळप द्यायचं न्हाईत राखायला.” “म्हंजी तू थांबा म्हणत हुतीस.”

अक्काताई सरळ बसल्या. “चूक आपली नाही,” त्या म्हणाल्या. “माझा आवाज आपल्यापर्यंत पोचला नाही. मी परत फोन करून विचारायला हवं होतं. त्याबद्दल मी आपली...”

“नगं!” तो जवळजवळ ओरडला. “असं नगं बोलूस अक्का. दुकानातलं नगं बोलूस.”

अक्काताईंचे ओठ उघडेच राहिले. मला पहिल्यांदा त्या अडखळलेल्या दिसल्या. “मग कसं बोलू?”

“शिव्या घाल.”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळायला लागलं होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मग उघड्या दारातून बाहेरच्या टेबलावरची घंटी ऐकू आली. कुणीतरी आलं होतं. अक्काताईंनी पदरानं तोंड पुसलं, उठल्या, दिव्याची मान परत जागेवर वळवली.

“आत्ता न्हाई,” त्या म्हणाल्या. “दुकान सुरू हाय. बंद झालं की घालते. बस तवर.”

आणि बाहेर जाऊन त्या कुणाला तरी म्हणाल्या, “नमस्कार. आपण थांबलात, त्याबद्दल धन्यवाद.”

तो संध्याकाळपर्यंत आतल्या खोलीत बसून राहिला. मी त्याचा साचा पुन्हा घेतला. या वेळी समोर उभं राहून. दुकान बंद झाल्यावर ती दोघं बरोबर बाहेर पडली आणि नदीच्या दिशेनं गेली. मी काचेतून बघत होते. तो मान खाली घालून चालत होता आणि अक्काताई हात उडवून उडवून काहीतरी बोलत होत्या. त्या हातवारे करतात हेच मला तोवर माहीत नव्हतं. शब्द मला ऐकू आले नाहीत.

त्यानंतर वर्षभरात मी साताऱ्याला परत आले, माझं स्वतःचं काम सुरू केलं. अक्काताईंच्या नवऱ्याचं गोदामातलं काम सुटलं, त्यांनीही दुकान सोडलं, गावाकडं जाऊन-येऊन असतात असं सर फोनवर म्हणाले. माझ्याकडं आता टेबलाशी एक मुलगी बसते. चांगलं बोलते. मी तिची खुर्ची खिडकीसमोर ठेवली आहे, का ते तिनं विचारलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात शाळेतल्या मुलांचे कान तपासायला कोरेगावच्या पुढं एका गावी चालले होते. दुपारची वेळ. ज्वारी काढून रिकाम्या झालेल्या एका रानात मेंढरं बसली होती. जतकडचे मेंढपाळ दर वर्षी येतात तिकडं. घोड्यावरचं सामान उतरवून ठेवलेलं, जाळी रोवलेली. बांधावरच्या बाभळीखाली पांढरं मुंडासं दिसलं आणि मी गाडी थांबवली.

बिराप्पाच होता. मी बांधावरून चालत त्याच्याकडं निघाले. दुरूनच हाक मारायला तोंड उघडलं, तर त्यानं हात वर करून मला थांबवलं. मग बोट ओठांवर ठेवलं. त्याच्या शेजारी घोंगड्यावर कुणीतरी अंगाची मुटकुळी करून झोपलं होतं. जवळ गेल्यावर दिसलं, अक्काताई होत्या. पदर तोंडावरून सरकलेला, तोंड किंचित उघडं, पायातल्या वहाणा बाजूला काढून ठेवलेल्या. त्या इतक्या लहानखुऱ्या आहेत, हे मला खुर्चीत कधी जाणवलं नव्हतं.

“हळू,” तो कुजबुजला. इतक्या हळू आवाजात तो बोलू शकतो, हेही नवीनच होतं. “आत्ताच डोळा लागलाय. सकाळपास्नं हिंडली माज्यासंगं. आईला ठेवलं ती जागा दाखवून आणली.”

“बरी आहेत ना?”

“बरी हाय. उठवू का?”

मी मान हलवून नको म्हटलं. एक कोकरू उड्या मारत घोंगड्याकडं आलं. त्यानं ते आवाज न करता दोन्ही हातांनी उचललं आणि मांडीवर घेतलं. कोकरू ओरडायला लागलं तसं त्यानं त्याच्या तोंडात आपलं बोट दिलं. ते चोखत गप्प राहिलं. मेंढरं रवंथ करत होती. ऊन सगळीकडं सारखं पसरलं होतं. मी थोडा वेळ उभी राहिले. मग हातानंच त्याचा निरोप घेतला आणि ढेकळांवरून पाय जपत टाकत रस्त्यावर आले.

गाडीत बसले. किल्लीला हात लावला. बाभळ काही फार लांब नव्हती, इंजिनचा आवाज तिथं सहज गेला असता. शाळेत मुलं वाट बघत होती, मला माहीत होतं. तरी मी हात काढून घेतला, आणि काच खाली करून बराच वेळ तशीच बसून राहिले.